तीन हिस्से कंपनीचे

"बकरं मेलं तर ते दोघांचं मेलं," बाबाजान म्हणाला. "तीन हिस्से तुमचे, एक हिस्सा माझा. मंग तोटाबी तसाच वाटून घ्या. माझ्या वाट्याला चार आने येत्यात, तेवढा मी सोसतो. ह्यात भांडायचं काय हाय?"

टेबलापलीकडच्या निकिताने संगणकावरून नजर काढली. कर्जतच्या बसस्टँडसमोर, औषधांच्या दुकानाच्या वर, शेअर दलालाची ही शाखा होती. निकिता इथे दोन वर्षं काम करत होती आणि या दोन वर्षांत रडणारी, शिव्या देणारी, एकदा तर चक्कर येऊन पडलेली माणसं तिने पाहिली होती. तोटा वाटून घ्या म्हणणारा माणूस पहिलाच.

"चाचा, हे बकऱ्यांसारखं नसतं."

"का नसतं?"

"कंपनी तुमची भागीदार नाहीये. कंपनीने तुम्हाला पैसे दिलेत शेअर घ्यायला. भाव पडला तर सगळा तोटा तुमचा."

"आन वाढला आसता तर?"

"तर सगळा नफापण तुमचाच."

बाबाजानने जरा विचार केला. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात फुकट काही मिळाल्याचं त्याला आठवत नव्हतं. "मंग कंपनीला ह्यात काय मिळतं?"

निकिता घुटमळली. तिने काचेच्या केबिनकडे पाहिलं. आत शाखेचा मॅनेजर ओम फोनवर कुणाची तरी समजूत काढत होता. "फंडिंग चार्जेस असतात," ती म्हणाली.

"पोरी, मराठीत सांग."

"रोजचं व्याज, चाचा. वर्षाला शंभराला पंधरा."

बाबाजानचा हात टेबलावरच्या मोबाईलकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. मोबाईलवर सकाळी आलेला निरोप तसाच उघडा होता. उद्या, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत एक लाख ऐंशी हजार रुपये भरा, नाहीतर कंपनी तुमचे शेअर विकून टाकेल, असं त्यात होतं. तो याच निरोपाचा जाब विचारायला आला होता. आता तो निरोप त्याच्या डोक्यातून गेला आणि तो एकच शब्द राहिला.

"कवापासनं?" त्याने विचारलं.

"तुम्ही मार्जिनवर, म्हणजे कंपनीच्या पैशांवर, शेअर घेतले त्या दिवसापासून. सप्टेंबरपासून."

बाबाजान उठला, टोपी सारखी केली आणि जिना उतरला. निकिताला वाटलं, म्हातारा आता परत यायचा नाही. तिला तो माणूस ठाऊक नव्हता.

बाबाजान शेख म्हणजे साखर कारखान्यात अडतीस गळीत हंगाम काढलेला पॅनमन. उसाचा पाक पॅन नावाच्या मोठ्या बंद भांड्यात उकळतो आणि त्यात साखरेचा दाणा धरतो. तो दाणा कधी तयार झाला आणि पॅन कधी खाली सोडायचा, हे ज्याला कळतं तो पॅनमन. भांड्याला काचा असतात, घड्याळं असतात, खालून केमिस्टही ओरडत असतो. पण काम चालतं ते अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात चोळलेल्या चिमूटभर पाकावर. बाबाजानची ती दोन बोटं कारखान्यात इतकी नावाजलेली होती की शेजारच्या तालुक्यातले कारखाने त्याला उसने मागून न्यायचे.

माणूस मात्र हट्टी. व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही, हे त्याने मिसरूड फुटलं तेव्हापासून धरून ठेवलेलं. पगाराच्या खात्यावर बँक आपणहून व्याज टाकायची, तर हा दर मार्चला ते रुपयासकट काढून एसटी स्टँडवरच्या मुतारीच्या दुरुस्तीला द्यायचा. त्यावरून लोक चेष्टा करायचे. "चाचा, तुमच्या व्याजानं आमची सोय झाली," म्हणायचे. हाही हसायचा आणि पुढच्या मार्चला पुन्हा द्यायचा.

दोन हजार एकोणीस साली तो निवृत्त झाला. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून अकरा लाख हातात आले, पेन्शन महिना दोन हजार एकशे चाळीस. मुलीच्या लग्नात आणि घरावरच्या स्लॅबमध्ये तीन लाख गेले. उरलेल्या आठ लाखांसाठी बँकेचे साहेब स्वतः घरी आले. बाबाजानने त्यांना चहा पाजला, वर बिस्किटं दिली आणि मुदत ठेवीचा कागद कोरा परत केला.

पैसा पत्र्याच्या डब्यात ठेवावा तर महागाई खाते, हे त्यालाही समजत होतं. महागाई काही दारात येऊन भांडत नाही. ती तेलाच्या पिशवीतून येते, गुडघ्याच्या गोळ्यांच्या पाकिटातून येते, आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. मौलवीसाहेबांना विचारून त्याने मार्ग काढला. दारूची आणि व्याजाची कंपनी सोडली तर इतर धंद्यात भाग घ्यायला हरकत नाही, असं ते म्हणाले. मग याने कोळशाच्या, तेलाच्या, विजेच्या जुन्या सरकारी कंपन्यांचे शेअर घेतले. दर वर्षी नेमाने डिव्हिडंड देणाऱ्या. आपण मालकांपैकी एक, नफ्यातला वाटा आपला. यात त्याच्या मनाला कुठे टोचत नव्हतं.

आणि चार वर्षं तसं झालंही. डिव्हिडंड खात्यावर पडला की हा त्याच दिवशी काढून बायकोच्या, मुबारकबीच्या, हातावर ठेवायचा. तिला कंपन्यांची नावं यायची नाहीत. "कोळशाचे आले का?" "विजेचे कवा?" एवढंच ती विचारायची. त्यात घर चालायचं. शिवाय शेअरचा भाव वाढत वाढत आठ लाखांचे एकोणीस लाख झाले. गावात त्याला शेअरवाले चाचा म्हणू लागले आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचं.

पण घरातला खर्च डिव्हिडंडच्या पुढे पळत राहिला. सहा हजारांत जे महिनाभर पुरायचं ते वीस तारखेलाच संपायला लागलं. अशा वेळी ओमने सांगितलं, "चाचा, तुमचे शेअर तारण ठेवू. एक हिस्सा तुमच्या तारणाचा, तीन हिस्से कंपनीचे. कंपनीचे वीस लाख लावून आणखी घेऊ. डिव्हिडंड डबल." बाबाजानच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, तर रंगुबाईची शेळी.

त्याच्या गावात शेळ्या अर्धलीने देतात. एकाने शेळी विकत घ्यायची, दुसऱ्याने पाळायची, पिल्लं निम्मी निम्मी. शेळी मेली तर दोघांनी सोसायचं, त्यावर कुणी ब्र काढत नाही. शेजारच्या रंगुबाईकडे बाबाजानची एक शेळी होती. ती पोट फुगून मेली तेव्हा रंगुबाई रडत आली, तर हा उलट तिलाच म्हणाला, "तुझी मेहनत गेली, माझा पैसा गेला. फिटलं." तीन हिस्से टाकणारी कंपनीही तशीच असणार, असं त्याने धरलं. फोनवर आलेले ओटीपीचे आकडे ओमला सांगितले. महिन्याच्या महिन्याला इंग्रजी हिशेब ईमेलवर येत राहिला. तो ईमेल त्याचा मुलगा फैयाज याने कधीतरी काढून दिला होता आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता.

मग बाजार फिरला. साडेपाच महिन्यांत त्या सगळ्या नेमाने देणाऱ्या कंपन्या शंभराच्या चौसष्टवर आल्या. डिव्हिडंड वर्षाला शंभराला पाच आणि व्याज शंभराला पंधरा. भाव चढत होता तोवर कुणी बघितलं नाही. उतरला तसं ते भगदाड उघडं पडलं.

घरी मुबारकबी अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होती. रमजानचा चांद दोन दिवसांवर आला होता. नवराबायको आपसांत दख्खनी बोलत. पण मुबारकबीचं माहेर जामखेडकडच्या एका खेड्यातलं, त्या गावात मुसलमानांचं ते एकच घर. त्यामुळे ती रागावली की तिची जीभ मराठीवर यायची. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, तरी बाबाजान अजून तिच्या मराठीला दचकायचा.

"क्या हुआ? मुंह क्यूं उतरा तुम्हारा?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. लपवावं असं वाटेत त्याच्या मनात आलं होतं, पण दारात तिला पाहिल्यावर ते बळ राहिलं नाही. एकोणीस लाख होते, आता विकून टाकले तर साडेतीनच्या आसपास राहतील, असं त्याने सांगितलं. आणि व्याजाचंही सांगितलं.

मुबारकबी शेवया पसरत राहिली. एक ओळ संपली, दुसरी संपली.

"किती महिनं?" तिने विचारलं. मराठीत.

"साडेपाच. ईद-ए-मिलादपासनं."

"म्हंजी मिलादला आपन घरात खीर केली, आन तिकडं तुमी व्याज भरत हुता."

"मला काय ठावं हुतं का?"

"मला का इचारलं न्हाई?"

"तुला कळलं नसतं."

"तुमाला कळलं?"

मुबारकबीने हात झटकले, ती खाटेच्या कडेवर बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबाजानला स्वतःचाच राग आला. गुडघे धरून चालणारी ही बाई, आणि हिचं म्हातारपण आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरून उकळत ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. फैयाज होता, चाकणच्या कंपनीतून. त्याला कुठून तरी समजलं होतं.

"अब्बा, घाबरू नका. मी पर्सनल लोन काढतो दोन लाखांचं. उद्या भरून टाका. मार्केट वर येतंच परत."

बाबाजानने तोंड उघडायच्या आत मुबारकबीने फोन हिसकावून घेतला. "व्याजातनं बाप काढायला तू व्याजात उडी मारतो व्हय रं? तुझी बायकू पोटुशी हाय. गुमान काम कर."

"अम्मी, मग काय करणार तुम्ही? जगणार कशावर? बरं, लोन नको. मी महिन्याला पाच हजार पाठवतो, ते तरी घ्या."

फोन स्पीकरवर होता. बाबाजान पुढे झाला. "फैयाज, ऐक. तू मला काय जड न्हाईस. पन ह्या गावातल्या चौदा घरांला रमजानचा शिधा माझ्या जकातीतनं जातो. पाच वरसं झाली. मी देनाऱ्यांत हाय. ज्या दिवशी मी घेनाऱ्यांत जाईन ना, त्या दिवशी मी मेलो. तवर तुझा पगार तुज्यापाशी ठेव."

जकात म्हणजे शिल्लक पैशातून दर वर्षी शंभराला अडीच रुपये गरजूंना द्यायचे. फोन ठेवल्यावर मुबारकबीने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "उद्या काय करनार?"

"विकनार."

"ते विकनारच हायत की बाराला."

"त्यांनी विकायच्या आधी मी विकनार. माझा पॅन मी सोडनार, दुसऱ्याला सोडू देनार न्हाई."

तिला ते समजलं. अडतीस हंगामांत तिने कारखान्याच्या गोष्टी रोज ऐकल्या होत्या. अठ्ठ्याण्णव साली केमिस्टने 'अजून धर, अजून धर' म्हणून याला पॅन सोडू दिला नव्हता आणि आतली साखर दगड होऊन बसली होती. दोन दिवस छिन्नी-हातोड्याने ती फोडायची वेळ आली. त्यानंतर बाबाजानने पॅनच्या बाबतीत कुणाचं ऐकलं नाही. या एका वेळेला ऐकलं होतं.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला तो शाखेच्या जिन्यात उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. निकिताने शटर उघडलं आणि तिला आश्चर्य वाटलं, पण तिने खुर्ची पुढे केली.

ओम आला, चहा मागवला. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, डोळ्यांखाली काळं झालेलं. "चाचा, विकू नका. मी तुम्हाला मनापासून सांगतो. फक्त एक ऐंशी भरा. पुढच्या बुधवारी डिव्हिडंडची तारीख आहे. सगळ्या शेअरवर मिळून पंचावन्न हजार येतील तुम्हाला. पाच दिवसांसाठी कशाला सोडताय?"

पंचावन्न हजार. बाबाजानला मोह झाला, हे कबूल केलं पाहिजे. चार वर्षांची सवय होती ती. क्षणभर त्याला मुबारकबीचा हात दिसला, पुढे केलेला.

"त्या दिवशी भाव किती पडंल?" त्याने विचारलं.

"डिव्हिडंड जेवढा, तेवढा पडतो. पण नंतर भरून निघतो."

"उसातनं रस काढला की ऊस हलका व्हनारच. तुमी माझ्याच उसाचा रस काढून मला पाजनार, आन वरनं शंभराला पंधरा घेनार. आन भरून निघंल ह्याचं तू लिहून देतो का?"

"असं कुणीच लिहून देऊ शकत नाही, चाचा."

"मंग कुनी धर म्हनू बी नये."

ओमने चहाचा कप खाली ठेवला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "माझेही गेलेत, चाचा. आईचं सोनं होतं. मीपण धरूनच बसलोय."

बाबाजानने त्याच्याकडे नीट पाहिलं. काल रात्रीपासून या पोराला काय काय सुनवायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं. त्यातलं निम्मं गळून पडलं. निम्मं राहिलं.

"तुझी आई हाय ना? तिला आज सांग," तो म्हणाला. "आन माझं यंत्र चालू कर. बटन मी दाबनार."

सव्वानऊचे साडेनऊ झाले. निकिताने मोबाईल त्याच्या हातात दिला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. सात कंपन्या होत्या. पहिली विजेची. बाबाजानने बोट पुढे नेलं. त्याचं तेच बोट, पाक चोळणारं, काचेवर टेकलं आणि स्क्रीनवर हिरवी खूण आली. मग तेलाची. मग आणखी एक विजेची. चौथ्या वेळी निकिता म्हणाली, "चाचा, थोडं पाणी घ्या." त्याने मान हलवली आणि पाचवी विकली. कोळशाची त्याने शेवटी ठेवली होती, कारण ती पहिली घेतलेली होती. तिच्यावर बोट ठेवताना त्याचे ओठ हलले, पण काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही.

कंपनीचे वीस लाख, व्याज, दलाली असं सगळं वजा जाऊन तीन लाख चाळीस हजार उरले.

"आता मला कागद पायजे," तो म्हणाला. "व्याज किती गेलं त्याचा."

निकिताने छापून दिला. इंग्रजीतला. त्याने त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "ह्या आकड्याम्होरं मराठीत लिही. व्याज. आन खाली सही कर."

ओम केबिनमधून बाहेर आला. "चाचा, असं हाताने लिहून देता येत नाही. केस वगैरे करायची असेल तर त्याला वेगळी पद्धत आहे."

"मला कुनावर केस करायची न्हाई. सही मी केली, आकडा मी सांगितला, अक्कल माझी कमी पडली. पन माझ्या हातनं किती व्याज गेलं ते मला माझ्या भाषेत पायजे. तुमी त्याला दुसरं नाव ठेवलं म्हनून मी फसलो."

"निकिता, नको," ओम म्हणाला.

निकिताने एकदा ओमकडे पाहिलं, एकदा बाबाजानकडे. तिचे वडील मिरजगावला हमाली करायचे. त्यांनाही तिने या शाखेत खातं उघडायला लावलं होतं, आणि मार्जिन म्हणजे काय ते अजून सांगितलेलं नव्हतं. तिने पेन उचललं. आकड्यासमोर ठळक अक्षरांत 'व्याज' लिहिलं, कंसात इंग्रजी नाव घालायच्या भानगडीत पडली नाही, आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली.

"काल तोंडी जे सांगितलं तेच लिहिलंय, सर," ती म्हणाली.

एक लाख सदतीस हजार. बाबाजानने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि जुम्म्याच्या नमाजाला वेळेत पोचला.

सोमवारपासून तो राशीन रस्त्याच्या गुऱ्हाळावर जायला लागला. मालकाला गुळाच्या कढईवर हात बसलेला माणूस हवा होता, रोज साडेचारशे देणार होता. "चाचा, रोजे हायत तुमचे. चुलवानाची आग सोसंल का?" त्याने विचारलं. "अडतीस हंगामांत रमजान किती आले आसतील, मोज," एवढंच बाबाजान म्हणाला आणि कढईशी जाऊन उभा राहिला. साखरेतला माणूस गुळात आला म्हणून गुऱ्हाळावरच्या दोघांनी दात काढले. संध्याकाळी पहिली ढेप बघून ते गप्प झाले.

चौथ्या रोजाला तो दुपारनंतर घरी आला तेव्हा अंगणात मुनीरचा टेम्पो उभा होता. मुनीरचं गावात गॅरेज, आणि मशिदीच्या कमिटीचं रमजानचं काम तोच बघायचा. लोकांची जकात गोळा करायची आणि गरजू घरांना शिधा पोचवायचा. बाबाजानला पाहून तो टेम्पोतून उतरला. त्याच्या हातात मोठी पिशवी होती. वरून खजुराचं पाकीट आणि तेलाची पिशवी दिसत होती.

"सलाम चाचा," तो म्हणाला. पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली.

मुबारकबी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून बाबाजानला समजलं की पिशवी कुणासाठी आहे.

"कुनाच्या घरची हाय ही?" तरी त्याने विचारलं.

"चाचा, राग मानू नका. कमिटीनं ठरवलं. येळ कुनावरबी येती. इतकी वरसं तुमी दिलं, एक बार घ्यायला काय हरकत हाय?"

"यादी दाव."

मुनीरने खिशातून कागद काढला. चौदा नावं होती आणि शेवटी, वेगळ्या शाईत, पंधरावं. बाबाजान शेख. त्याने ते नाव वाचलं, पुन्हा वाचलं. गुऱ्हाळाच्या राखेने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि ओठ सुकलेले होते.

"हे कुनी लिहिलं?"

"मी लिहिलं, चाचा."

"खोड."

"चाचा..."

"खोड म्हनतो ना."

मुनीरने टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून नाव खोडलं. बाबाजान हौदावर गेला, कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं आणि परत आला. "आता दुसरी वही आन. जकातीची."

"कशाला?"

"आन तर."

मुनीरने सीटखालून वही काढली. पान काढायला त्याने फार वेळ लावला. बाबाजान शेख, वर्ष मागचं, रुपये चाळीस हजार. सोळा लाखांचे अडीच टक्के.

"ह्या सालचं लिही," बाबाजान म्हणाला. "तीन लाख चाळीस हजाराचं अडीच टक्के. साडेआठ हजार."

"चाचा, ह्या वर्षी ऱ्हाऊ द्या. अल्लाला समदं ठावं हाय."

"त्याला ठावं हाय म्हनूनच. साठ-सत्तर हजाराच्या वर ज्याच्यापाशी हाय त्यानं द्यायची, आसंच हाय ना? मंग मी बसतो त्यात. जवर बसतो तवर देनार. ज्या साली बसनार न्हाई त्या साली मीच तुज्या दारात येऊन सांगन, तुला पिशवी घेऊन यायची गरज न्हाई."

मुबारकबी आत गेली होती. ती गुडघ्यावर हात टेकत बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत नोटा होत्या. तिने त्या मुनीरच्या हातात दिल्या. सतरा, पाचशेच्या. "मोजून घे," ती म्हणाली. मराठीतच. "चौदा घरं व्हनार न्हाईत ह्यात. जेवढी व्हतील तेवढ्यांला दे."

मुनीरने पैसे मोजले नाहीत. त्याने पेनचं टोपण काढलं आणि मागच्या वर्षीच्या ओळीखाली नवी ओळ लिहिली. वर चाळीस हजार, खाली साडेआठ हजार. लिहून झालं तरी त्याचं पेन तिथेच राहिलं. बाबाजानही वहीवर वाकून त्या दोन ओळींकडे बघत होता. त्याच्या ओल्या दाढीतून पाण्याचा थेंब पानावर पडला आणि नव्या आकड्यातलं एक शून्य थोडं पसरलं.

बाबाजान सरळ उभा राहिला.

"बघतो काय?" तो म्हणाला. "पावती फाड."